आल्फ्रेड नोबेल : स्फोटाला कुलूप घालणारा माणूस

मुंबईत मशीद बंदरच्या बाजूला, आपल्या इस्रायल मोहल्ल्यात, ज्यांचे बालपण गेले त्यांना १४ एप्रिल १९४४ ही तारीख वेगळी समजावून सांगावी लागत नसे. शुक्रवार होता, पेसाहचा सातवा दिवस. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज फुटले. अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा स्फोट झाला, तो पहिल्याहून मोठा. आपली जुनी मशीद, म्हणजे शआर हारहमीम, डॉकपासून चालत जाण्याच्या अंतरावर. कित्येकांना वाटले की जपानी विमाने आली. शेकडो माणसे मेली, डझनभर जहाजे बुडाली किंवा मोडली, गोदामे कित्येक दिवस जळत राहिली. जहाजावर इंग्लंडहून आलेल्या सोन्याच्या विटा होत्या, त्यांतली एक मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरावर जाऊन पडली, ही गोष्ट तर मुंबईकराने मुंबईकराला शंभरदा सांगितलेली आहे.

वडीलधारी मंडळी हे सांगत तेव्हा सोन्याच्या विटेपेक्षा मला दुसरीच गोष्ट खटके. जहाजात आग लागलेली दुपारी दीड-दोनलाच दिसली होती. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा. बंबवाले पाणी मारत होते, धूर निघत होता, माणसे धक्क्यावर उभी राहून बघत होती. जवळजवळ दोन तास ते जहाज जळले आणि फुटले नाही. मग एका क्षणात सगळे संपले. तर मग जळणे आणि फुटणे यांत फरक तो काय?

या प्रश्नाचे उत्तर एका माणसाने आयुष्यभर शोधले, आणि त्याची किंमत सख्ख्या भावाच्या जिवाने दिली. त्याचे नाव आपण दर वर्षी ऑक्टोबरात पारितोषिके जाहीर झाली की घेतो. आपल्यातला कोणी आहे का, एवढे पाहतो आणि पान उलटतो. तो स्वतः कोण होता, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

आल्फ्रेड नोबेलचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्टॉकहोम येथे झाला. बाप इमॅन्युएल कल्पक खरा, पण पैशाच्या बाबतीत कायम बुडालेला. मुलगा जन्मला त्याच वर्षी त्याचे दिवाळे निघाले. चार वर्षांनी तो नशीब काढायला परमुलखात गेला, प्रथम फिनलंडला, मग रशियाला. आई आन्द्रिएत मागे राहिली, लहानसे दुकान चालवून तिने मुले जगवली. आधी कर्त्या पुरुषाने पुढे जायचे आणि मागाहून बायकामुलांनी बोचकी बांधायची, हा प्रकार आपल्या वाचकांना नवा नाही. १८४२ साली सगळे कुटुंब सेंट पीटर्सबर्गला एकत्र आले.

तिथे बापाचे बस्तान बसले होते. समुद्रात पेरायचे सुरुंग तो रशियन सैन्याला पुरवीत असे. क्रिमियाच्या युद्धात फिनलंडच्या आखातात हेच सुरुंग पेरले होते. मुलांना शिकवायला घरी मास्तर येत. आल्फ्रेड प्रकृतीने किरकोळ, पुस्तकात तोंड खुपसून बसणारा. सतराव्या वर्षी त्याला स्वीडिश, रशियन, फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन अशा पाच भाषा येत होत्या, आणि त्याच्या मनात कवी व्हायचे होते. बापाला हे खूळ पसंत नव्हते. त्याने मुलाला परदेशी धाडले.

पॅरिसमध्ये पेलूझ या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत तो काही काळ राहिला. पेलूझचाच एक शिष्य, इटलीचा आस्कानियो सोब्रेरो, याने १८४७ साली ग्लिसरीनवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून तेलासारखा एक द्रव बनवला होता. तेच नायट्रोग्लिसरीन. प्रयोग करताना स्फोट होऊन सोब्रेरोच्या तोंडावर कायमचे व्रण राहिले होते. ही वस्तू माणसाच्या कामाची नाही, असे त्याचे ठाम मत झाले होते. पुढे पीटर्सबर्गला झीनिन नावाच्या प्राध्यापकाने नोबेल पितापुत्रांना तो द्रव दाखवला. ऐरणीवर थोडा ओतून त्याने वर हातोडा मारला. जेवढ्यावर घाव बसला तेवढाच भाग फुटला, बाकीचा तसाच राहिला. आल्फ्रेडच्या डोक्यात हे जे शिरले ते मरेपर्यंत निघाले नाही.

आता थोडे या वस्तूविषयी. चुलीत लाकूड जळते तेव्हा त्याला लागणारा प्राणवायू बाहेरच्या हवेतून येतो, म्हणून ते सावकाश जळते. सुरुंगाच्या काळ्या दारूत कोळसा आणि गंधक यांच्या जोडीला सोरा असतो. सोरा स्वतःबरोबर प्राणवायू घेऊन येतो, त्यामुळे ती झपाट्याने जळते. तरी ते जळणेच, एका कणाने शेजारच्या कणाला पेटवायचे. आपला बोरघाट १८६३ साली पुरा झाला, २५ बोगद्यांसह, तो सगळा याच काळ्या दारूने आणि माणसांच्या हाडांनी फोडलेला आहे. नायट्रोग्लिसरीनची तऱ्हा निराळी. त्यात इंधन आणि प्राणवायू एकाच रेणूत शेजारी बसलेले असतात. जोराचा धक्का बसला की रेणू मोडतो, त्याचा धक्का पुढच्याला, आणि ही मोडतोड सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने पसरते. पेल्यातला द्रव डोळ्याचे पाते लवण्याआधी वायू होतो आणि हजारपटीहून जास्त जागा मागतो. वाटेत खडक असला तर खडक जातो, माणूस असला तर माणूस.

आणि गंमत अशी की हेच तेल थोडे घेऊन उघड्यावर काडी लावली तर ते बहुधा नुसते जळते. कधी फुटते, कधी फुटत नाही. म्हणजे ते निव्वळ घातक नव्हते, लहरी होते. लहरी वस्तूवर धंदा होत नाही.

क्रिमियाचे युद्ध संपले तशी रशियन सरकारची मागणी संपली आणि १८५९ साली बापाचे पुन्हा दिवाळे निघाले. म्हातारा-म्हातारी धाकट्या एमिलला घेऊन स्टॉकहोमला परतली. रॉबर्ट आणि लुडविग हे थोरले दोघे भाऊ रशियातच राहिले आणि पुढे बाकूच्या तेलात त्यांनी अमाप पैसा केला. आल्फ्रेड १८६३ साली बापाकडे आला आणि हेलेनेबोर्ग येथे शहराच्या कडेला त्यांनी शेड टाकून तेल बनवायला घेतले.

त्याच वर्षी त्याला पहिली खरी युक्ती सुचली. तेलाला आग लावायची नाही, तेलाला धक्का द्यायचा. एका लहान नळीत थोडी दारू भरून ती तेलात बसवायची आणि वात पेटवायची. छोटा स्फोट मोठ्या स्फोटाला जागे करतो. दोन वर्षांत त्याने दारूच्या जागी पाऱ्याचे फल्मिनेट भरून धातूची टोपी केली. आज जगातल्या कुठल्याही खाणीत, कुठल्याही बोगद्यात जो डेटोनेटर वापरतात तो या टोपीचा वंशज आहे. डायनामाइटमुळे नोबेल गाजला खरा, पण माझ्या मते त्याचा मोठा शोध हाच. काळ्या दारूच्या पाच-सहाशे वर्षांत आग आणि स्फोट यांची अशी फारकत कोणी केली नव्हती.

३ सप्टेंबर १८६४ रोजी सकाळी हेलेनेबोर्गची शेड उडाली. पाचजण मेले. त्यांत एमिल होता, वय वीस, एकविसाला दोन महिने कमी. तो आणि त्याचा एक तरुण सोबती तेल बनवण्याच्या खटपटीत होते. आल्फ्रेड त्या क्षणी शेडमध्ये नव्हता. काही महिन्यांत बापाला अर्धांगाचा झटका आला. तो अंथरुणाला खिळला तो पुन्हा धड उठलाच नाही.

आणि आल्फ्रेडने काय केले? महिना-दीड महिन्यात त्याने स्वीडिश रेल्वेला स्टॉकहोमच्या बोगद्यासाठी तेच तेल वापरायला तयार केले. नोव्हेंबरात कंपनी स्थापन केली. शहरात ते बनवायला मनाई झाली तेव्हा मेलार सरोवरात एक पडाव नांगरून त्यावर कारखाना चालवला. कोणी याला धैर्य म्हणतील. मला हे वाचताना दर वेळी थोडे थांबावे लागते. आपल्याकडे भाऊ गेला तर शिवआ बसतात, महिनाभर केस कापीत नाहीत. या माणसाने दुःख कुठे ठेवले कोण जाणे. एवढे खरे की त्याने लग्न केले नाही, घर असे कुठे केले नाही, डोकेदुखीने तो जन्मभर हैराण होता, आणि एमिलविषयी तो फारसे बोलत नसे.

पुढची दोन वर्षे मात्र त्याच्या खात्यावर जड पडतात. हाम्बुर्गजवळ क्रुमेल येथे त्याने कारखाना काढला आणि तेथून तेल पत्र्याच्या डब्यांत भरून लाकडी खोक्यांतून जगभर जाऊ लागले. डबे गळत. नेणाऱ्या हमालाला आत काय आहे ते ठाऊक नसे. गळलेले तेल काही ठिकाणी चाकांना वंगण म्हणून लावल्याचीही नोंद आहे. १८६५ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात एक पाहुणा खोके ठेवून गेला. त्यावर पाय ठेवून लोक बूट पुसून घेत. एक दिवस खोक्यातून तांबडा धूर निघू लागला म्हणून नोकराने ते रस्त्यावर नेऊन टाकले आणि सगळी आळी हादरली. एप्रिल १८६६ मध्ये पनामाच्या आस्पिनवॉल बंदरात एक जहाज उडाले, पन्नासच्या आसपास माणसे गेली. त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोला गळके खोके हत्याराने उघडताना पंधराजण गेले. नोबेल तेव्हा अमेरिकेतच होता, लोकांना माल सुरक्षित आहे हे पटवून देत. परत येतो तो क्रुमेलचा स्वतःचा कारखाना जमीनदोस्त.

तेलात खोट नाही, लोक निष्काळजी आहेत, असे तो म्हणत राहिला होता. हमालाने डबा आपटला हा हमालाचा दोष कसा? सगळ्या जगाने सावधपणे वागावे या अटीवर जी वस्तू सुरक्षित, ती सुरक्षित नव्हेच. नोबेलला हे उमगायला दोन वर्षे आणि कित्येक माणसे लागली. पण उमगले, हेही कबूल केले पाहिजे, कारण त्यानंतर त्याने लोकांना उपदेश करणे सोडले आणि वस्तूच बदलली.

क्रुमेलच्या परिसरात कीसेलगूर नावाची पांढरट, भुसभुशीत माती मिळते. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांची कवचे साचून ती झालेली असते, आणि ती स्पंजासारखे तेल पिते. कोळशाची पूड, भुसा, सिमेंट असे नाना प्रकार करून पाहिल्यावर नोबेलने तीन भाग तेल आणि एक भाग ही माती मळून कणकेसारखा गोळा केला. डबा गळून तेल योगायोगाने मातीत मुरले आणि शोध लागला, असे पुष्कळ ठिकाणी छापतात. नोबेलने स्वतः ते नाकारले होते. या गोळ्याच्या कांड्या करून कागदात गुंडाळता येत. आपटली तरी कांडी सहसा फुटत नसे, काडी लावली तर जळत असे. डेटोनेटरची टोपी लावली की मात्र हमखास फुटे. १८६७ साली त्याने पेटंट घेतले आणि ताकद या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव ठेवले डायनामाइट.

कुलूप म्हणजे माती, किल्ली म्हणजे टोपी. दोन्ही वेगळ्या पेट्यांत, वेगळ्या गोदामांत, वेगळ्या गाडीतून न्यायची. मुंबई डॉकविषयी मला पडे त्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. चांगले स्फोटक नुसत्या आगीने लगेच फुटत नाही, ते जळते. पण आग कोंडलेली असेल, उष्णता वाढत गेली, शेजारी फुटण्याजोगे दुसरे काही असले, तर आगच कधीतरी किल्ली होते. 'फोर्ट स्टिकीन'च्या ज्या खणात दारूगोळा होता त्याच खणात कराचीला भरलेल्या कापसाच्या गासड्या रचल्या होत्या. कापूस आतल्या आत धुमसत राहतो, पाण्याला दाद देत नाही. धोक्याचा लाल बावटाही जहाजावर नव्हता.

डायनामाइटने नोबेल पाहता पाहता श्रीमंत झाला. स्कॉटलंडच्या आर्डीरपासून इटलीपर्यंत कारखाने निघाले, आल्प्समधला सेंट गॉटहार्डचा पंधरा किलोमीटरचा बोगदा त्याच्याच मालाने फुटला. माती स्वतः काही काम करीत नाही म्हणून १८७५ साली त्याने तीही काढून टाकली आणि तेलात कापसाचे नायट्रोसेल्युलोज विरघळवून जेलिग्नाइटच्या कुळातला चिकट गोळा केला. १८८७ साली बंदुकांसाठी धूर न होणारी दारू काढली, बॅलिस्टाइट. ही त्याने इटलीला विकली म्हणून फ्रान्स चिडले, त्याची प्रयोगशाळा बंद केली, आणि १८९१ साली पॅरिस सोडून तो इटलीत सान रेमोला राहायला गेला. इंग्रजांनी तर त्याच्याच ओळखीच्या दोन शास्त्रज्ञांकरवी कृतीत थोडा फेरफार करून 'कॉर्डाइट' नावाने ती आपली केली. नोबेल कोर्टात गेला आणि १८९५ साली हरला. या कॉर्डाइटला ऍसिटोन लागते, आणि पहिल्या महायुद्धात ऍसिटोनचा तुटवडा पडला तेव्हा मँचेस्टरमध्ये धान्य आंबवून ते बनवण्याची रीत काढणारे गृहस्थ म्हणजे डॉ. खाइम वाइझमन, आपल्या इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष. नोबेलच्या हरलेल्या खटल्याचा धागा रेहोवोतपर्यंत असा येऊन पोचतो.

माणूस म्हणून तो एकटाच राहिला. १८७६ साली बेर्था किन्स्की नावाची ऑस्ट्रियन बाई सेक्रेटरी म्हणून आली आणि काही दिवसांतच आपल्या आवडत्या माणसाशी लग्न करायला निघून गेली. तीच पुढे बेर्था फॉन सुट्नर, शांततेच्या चळवळीतली नामांकित लेखिका. दोघांचा पत्रव्यवहार शेवटपर्यंत टिकला. दुसरी व्हिएन्नाची सोफी हेस, ज्यू घराण्यातली. तिला तो सुमारे अठरा वर्षे पत्रे लिहीत होता, आणि त्या पत्रांत ज्यू लोकांविषयी हलके, कडवट शेरे आहेत. हे आपल्या वाचकांपासून झाकून ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही. त्या काळच्या युरोपात ती हवाच होती, पण हवा सगळ्यांनाच सारखी लागत नाही.

१८८८ साली भाऊ लुडविग कान येथे वारला. तेव्हा फ्रेंच वर्तमानपत्राने चुकून आल्फ्रेडच मेला असे समजून त्याला मृत्यूचा व्यापारी ठरवले, आणि ते वाचून त्याने पारितोषिके ठेवली, ही कथा सगळीकडे सांगतात. मृत्युपत्रात मात्र त्याने कारण म्हणून एक अक्षर लिहिलेले नाही. २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या स्वीडिश क्लबात चार साक्षीदारांसमोर त्याने सही केली. वकील घेतला नाही, वकिलांवर त्याचा राग होता. बहुतेक सगळी मिळकत, तीन कोटी दहा लाख क्रोनरहून जास्त, पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, साहित्य आणि शांतता यांच्या पारितोषिकांना. देताना माणूस कुठल्या देशाचा हे पाहू नये, अशी स्पष्ट अट. सोफी हेसलाही सालीना रक्कम ठेवली होती.

अखेरच्या वर्षी त्याला हृदयविकार जडला. डॉक्टरांनी औषध दिले ते नायट्रोग्लिसरीनच, फक्त नाव बदलून, म्हणजे रोगी घाबरायला नको. रक्तवाहिन्या सैल करून ते छातीतली कळ थांबवते, आजही आपल्यातले कित्येक वृद्ध जिभेखाली तीच गोळी ठेवतात. १० डिसेंबर १८९६ रोजी सान रेमोला मेंदूत रक्तस्राव होऊन तो वारला. उशाशी नोकरांखेरीज कोणी नव्हते.

नातलग रागावले, स्वीडनचा राजाही नाखूष होता. रांग्नार सोलमन हा सव्वीस वर्षांचा त्याचा मदतनीस, ज्याला त्याने मृत्युपत्रात कार्यवाह नेमले होते, त्याने पॅरिसच्या बँकेतले रोखे मांडीवर भरलेले पिस्तूल ठेवून घोडागाडीतून स्टेशनावर नेले आणि देशाबाहेर काढले. लुडविगचा मुलगा इमॅन्युएल याने काकाची इच्छा मानली, नाहीतर पारितोषिके झालीच नसती. पहिला समारंभ १० डिसेंबर १९०१ रोजी झाला. बेर्था फॉन सुट्नरला १९०५ साली शांततेचे पारितोषिक मिळाले, १९६६ साली आपल्या अग्नोन यांना साहित्याचे.

रसायनाचे १९१८ सालचे पारितोषिक फ्रिट्झ हाबर याला दिले गेले, जन्माने ज्यू, हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया काढण्याबद्दल. त्या अमोनियापासून खत होते आणि जगाचे पोट भरते. त्याच अमोनियापासून अमोनियम नायट्रेटही होते. जर्मनीत ओपाऊ येथे अशा मिश्र खताचा साडेचार हजार टनांचा ढीग पावसाळी गुळासारखा घट्ट होऊन बसे, आणि कामगार तो सैल करायला सुरुंग लावीत. हजारो वेळा काही झाले नव्हते. २१ सप्टेंबर १९२१ रोजी झाले. पाचशेहून अधिक माणसे गेली आणि जमिनीत तलाव मावेल असा खड्डा पडला. त्याआधी १९१७ साली कॅनडात हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याचे जहाज धडक होऊन पेटले होते, आग बघायला लोक खिडक्यांत जमले होते. १९४७ साली टेक्सास सिटीत अमोनियम नायट्रेटच्या जहाजाची आग पाहायला असेच जमले. २०२० साली, ४ ऑगस्टला, इथून जवळच बैरुतच्या गोदामात तेच द्रव्य २७५० टन, वर्षानुवर्षे पडून राहिलेले, आणि शेजारी आग.

'फोर्ट स्टिकीन'वर पाणी मारणाऱ्या बंबवाल्यांपैकी ६६ जण त्या शुक्रवारी मेले. भारतात १४ एप्रिल अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्यासाठी. भायखळ्याला बंबखान्याच्या आवारात त्यांचे स्मारक आहे. मुंबईला जाल तेव्हा मागेन हसीदीमला जाताना वाटेतच लागते.